‘ती म्हणते’ म्हणायचं नाही

जपानमध्ये शाळा-कॉलेजांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. त्यामुळे आमच्या सेन्सेई मार्चअखेरीला पुणं सोडणार, हे आधीच ठरलेलं होतं. रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात त्या आम्हाला जपानी शिकवत. निघण्याआधी पाहायच्या जागा आणि भेटायची माणसं अशी त्यांनी एकच यादी केली होती. तिच्यात कार्ल्याची लेणी होती आणि लगेच खाली पेठेतला शिंपी. त्यांचं मराठी भाजी घेण्यापुरतं, म्हणून सोबतीला मी. वर्गात मी हुशार होते असं मुळीच नाही. रविवारी मला दुसरं काही काम नसायचं, एवढंच.

आज चाकणच्या कारखान्यांत दुभाषी म्हणून माझं पोट चालतं ते त्या रविवारांच्या जिवावर.

पहिली सहल कार्ल्याची. लोणावळा लोकलने मळवलीला उतरलो, पायऱ्या चढून वर गेलो. चैत्यगृह सुमारे ४५ मीटर लांब. वर छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून जागच्या जागी. खांबांवर देणगीदारांची नावं कोरलेली आहेत आणि त्यांत धेनुकाकट गावचे, स्वतःला यवन म्हणवणारे लोकही आहेत. हे मी घरून पाठ करून गेले होते. पण चैत्याच्या दारातच एकवीरा आईचं देऊळ, आणि तिथल्या रांगेत एका कोळीण आजीने सेन्सेईंना विचारलं, “कुठशी आयलीस गो बाय?” मी जपानीत सुरुवात केली, “त्या विचारतायत की...” सेन्सेईंनी हात वर करून थांबवलं. ‘ती विचारते, ती म्हणते’ म्हणायचं नाही. माणूस ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं. पाठ केलेले यवन तसेच राहिले. पुढचा तासभर मी आलटून पालटून आजी आणि सेन्सेई होत राहिले.

सिंहगड रस्त्यावरचं पुणे-ओकायामा मैत्री उद्यान त्यांच्या यादीत नव्हतंच. ते आम्हा विद्यार्थ्यांच्या आग्रहाने झालं. जपानी माणसाला जपानी बाग दाखवायची हौस पुणेकरालाच असू शकते. बागेला नाव पु. ल. देशपांड्यांचं का, यावर मी ‘पूर्वरंग’मधल्या त्यांच्या जपानप्रवासाबद्दल सांगितलं. सेन्सेईंनी ते वहीत टिपून घेतलं.

खरी परीक्षा सदाशिव पेठेत झाली, घरमालकीण काकूंकडे. सेन्सेई निरोप घ्यायला गेल्या आणि काकू कडाडल्या, “इतके दिवस माझ्या घरात राहिलीस आणि जायचं आता सांगतेस? मी काय परकी आहे?” मी ते अदबशीर जपानीत सांगितलं. गुरूशी दुसऱ्या कुठल्या जपानीत बोलणार? सेन्सेई शांतपणे म्हणाल्या, “काकूंचा आवाज चढलाय. तुझा का नाही चढला?” मग मी डोळे मिटून घेतले आणि ज्यांच्यापुढे वाकून नमस्कार करायचा त्या बाईंवर, आपण धाकट्या बहिणीवर ओरडतो त्या भाषेत ओरडले. सेन्सेई कमरेत वाकल्या, काही बोलल्या. मी मराठीत म्हणाले, “माझं चुकलं, काकू. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून माझ्याने सांगवेना.”

“तुझं नाही गं, हिचं चुकलं!” असं म्हणत काकू हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला. मग ओटी भरणं, नारळ, खण. त्या वेळी माझी कोणालाच गरज पडली नाही.

सिंहगड राहून गेला. शेवटचा रविवार सामान विकण्यात संपला. फ्रीज न्यायला आलेला जुन्या सामानाचा दुकानदार भाव पाडायला लागला. “माझा फ्रीज एकदाही बिघडलेला नाही, या भावात मी देणार नाही,” मी म्हणाले.

“ताई, फ्रीज तुमचा की मॅडमचा?”

“माझा.”

भाव वाढला. संध्याकाळी सेन्सेईंनी दोन्ही हातांनी एक पाकीट पुढे केलं, आत कोऱ्या करकरीत नोटा. मी नको नको म्हणाले. गुरूकडून पैसे कसे घ्यायचे? त्या म्हणाल्या, “तू काम केलंस. कामाचे पैसे मागायला लाजलीस तर हा धंदा करू नकोस.” हा धंदा मी करणार आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

त्या पैशांतून मी कांजी लिपीचा कोश घेतला असता, तर सांगायला बरं दिसलं असतं. मी लक्ष्मी रोडवर जाऊन चपला घेतल्या.