शाकारणी

मुंबईचं वस्तुसंग्रहालय, म्हणजे आमच्या पिढीचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, मी सात-आठ वेळा तरी पाहिलं असेल. नाशिकहून शाळेची सहल निघाली की राणीची बाग, मत्स्यालय आणि म्युझियम हे ठरलेलंच. चाळीस मुलं मोजून आत न्यायची आणि चाळीसच मोजून बाहेर आणायची, त्यात बाईंनी काय पाहायचं! निवृत्तीनंतर एकदा निवांत जायचं मनात होतं. योग आला तो नेमका डागडुजी चालू असताना.

२०२२ च्या जानेवारीत संग्रहालयाला शंभर वर्षं पूर्ण व्हायची होती. त्याआधी इमारतीचं काम काढलेलं होतं. मी तेव्हा भाचीकडे मुंबईला होते. ती म्हणाली, "मावशी, सगळीकडे बांबू बांधलेत. काम झालं की जाऊ, पुढे कधीतरी." माझ्या वयाला 'पुढे कधीतरी' परवडत नाही. तोंडाला मास्क लावला आणि गेलो.

खरं सांगते, मूर्ती आणि चित्रं त्या दिवशी कमीच पाहिली. परांचीवर चढलेली माणसंच पाहत बसले. एक जण दगडाचा सांधा हलक्या हाताने खरवडत होता. खाली दुसरा घमेल्यात माल कालवत होता. कोणालाच घाई दिसत नव्हती. भाची दोनदा म्हणाली, "मावशी, आत चल ना, इथे काय बघतेस?" मी म्हटलं, "थांब गं, आत जे आहे ते यांच्यामुळेच आहे."

या इमारतीची थोडी हकिगत सांगते. (बाईंची सवय, जात नाही!) ११ नोव्हेंबर १९०५ ला पुढे पाचवे जॉर्ज झालेल्या युवराजांच्या हस्ते कोनशिला बसली. आराखडा जॉर्ज विटेटचा. गेटवे ऑफ इंडियाही त्याचाच. कुर्ल्याचा काळसर आणि मालाडचा पिवळसर दगड वापरला, घुमटासाठी विजापूरचा गोल घुमट डोळ्यांपुढे ठेवला. १९१४ पर्यंत इमारत उभी राहिली, पण पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तिथे लष्करी इस्पितळ आलं. संग्रहालय म्हणून दारं उघडली ती १० जानेवारी १९२२ ला. १९९८ साली छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय हे नाव मिळालं.

आणि आता आपल्या नाशिककरांसाठी खास. या इमारतीत आपल्या गावचा एक तुकडा आहे! नाशिकच्या एका जुन्या वाड्यातला लाकडी कमानींचा मंडप विटेटने विकत घेतला आणि घुमटाखालच्या मधल्या भागात बसवून टाकला. वर विजापूरची आठवण देणारा घुमट आणि आत नाशिकचं लाकूड. त्या कमानींकडे पाहताना मला एकदम सासरचा वाडा आठवला. तशीच महिरप, तशीच खांबांची घडण. आमच्याकडे त्या खांबाला सायकल टेकवलेली असायची, एवढाच काय तो फरक.

मग मात्र मन स्वस्थ राहिना. तिकडचं लाकूड शंभर वर्षांवर झाली तरी ताठ उभं आहे आणि आमच्या माजघराची तुळई वाळवीने पोखरली आहे. असं का व्हावं?

आपण म्हणतो, वाडे जुने झाले म्हणून पडले. मला नाही तसं वाटत. आमच्या सासूबाई अक्षय्य तृतीया झाली की शाकारणीचा धोशा लावायच्या. कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, पन्हळी साफ करायच्या. माणसं दोन दिवस छपरावर असायची. पुढे वाटण्या झाल्या. खोल्या वाटल्या गेल्या, छप्पर कोणाच्याच वाट्याला आलं नाही. सगळ्यांचं छप्पर म्हणजे कोणाचंच नाही! भाडेकरूंचं भाडं १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यापासून जवळपास जिथल्या तिथेच राहिलं, त्यात कौलांचा खर्चही निघत नसे. म्हणून मालक हात लावेना, आणि आपल्या मालकीचं नाही म्हणून भाडेकरू लावेना. कोणा एकाला दोष द्यावा असंही नाही. मध्ये एकदा पश्चिमेची भिंत सिमेंटने लिंपून घेतली होती. चुन्या-मातीची भिंत ओल बाहेर टाकते, सिमेंट तीच ओल आत कोंडून ठेवतं. चार पावसाळ्यांत भिंत फुगली.

संग्रहालयाच्या त्या कामाचं, वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली झालेल्या, पुढे मोठं कौतुक झालं. २०२२ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांमधला सर्वांत वरचा पुरस्कार त्याला मिळाला. पेपरात वाचून आनंद झाला. पण माझ्या लेखी ती मोठ्या प्रमाणावरची शाकारणीच. फरक इतकाच की तिथे छप्पर कोणाच्या तरी जबाबदारीचं होतं.

हे सगळं आज का लिहिते आहे, ते घरच्या मंडळींना कळलंच असेल. वाडा बिल्डरला द्यायचा कागद सह्यांसाठी फिरतो आहे. पुण्याच्या भावजींची सही झाली, अमेरिकेतल्या पुतण्यांचीही होईल. माझी राहिली आहे म्हणून दोघांचे फोन येऊन गेले.

मी आडवी येणार नाही. मागच्या पावसाळ्यात जिन्याची भिंत ढासळली, तेव्हा भाडेकरूंची मुलं अंगणात खेळत होती म्हणून वाचली. माणसांपेक्षा लाकूड मोठं नाही. वाडा उतरवायलाच हवा, आणि ज्यांनी तिथे जन्म काढला त्या भाडेकरूंना नव्या इमारतीत जागाही मिळायला हवी.

माझं मागणं एकच आहे. जेसीबी लावण्याआधी दिवाणखान्याच्या कमानी आणि आठ खांब सुताराकडून सांधे सोडवून उतरवून घ्यावेत. प्रत्येक तुकड्यावर आकडा घालावा, म्हणजे पुन्हा जोडता येतील. नव्या इमारतीच्या तळमजल्यावर ते उभे करायचे, हे कागदात लिहून घ्यावं. सुताराची मजुरी माझ्या पेन्शनमधून देईन. मात्र त्यांना दर वर्षी तेलपाणी कोण करणार, त्या माणसाचं नावही कागदात घाला. 'सर्व वारसदार' असं लिहू नका, एकच नाव लिहा.

भावजी, तेवढी ओळ वाढवून कागद पाठवा. सही तयार आहे.