बंब, चौथा मजला

पर्समध्ये लोहचुंबक घेऊन फिरणारी मुलगी तुम्ही कधी पाहिलीय? मागच्या वर्षी गणपती ते दिवाळी मी तशी फिरत होते. लिपस्टिक, पेनड्राइव्ह, रेल्वेचा पास आणि फ्रिजच्या दारावरून उपटलेलं एक चुंबक. कारण मला बंब घ्यायचा होता. तोही सेकण्डहॅण्ड!

बंब म्हणजे गीझरचा पणजोबा. तांब्याचं उभं पिंप, त्याच्या पोटातून आरपार गेलेली एक नळी. नळीत वरून कोळसे टाकायचे, खाली लोखंडी जाळी, जाळीखाली राख. नळीच्या भोवती पाणी आणि बाहेर एक तोटी. ना वायर, ना गॅस. माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी हा प्रकार फक्त कोकणातल्या होम-स्टेमध्ये, फोटो काढण्यापुरता बघितलाय.

आमच्या घरी मात्र तो खराखुरा होता. डोंबिवली पूर्वेला, रामनगरच्या चाळीत, मोरीच्या बाहेर. २००९ साली चाळ रिडेव्हलपमेण्टला गेली आणि बाबांनी बंब मोडीत काढला. आजीला सांगितलं, ‘कल्याणला एकांकडे ठेवलाय, नव्या घरी आणू.’ एक कडी बाबांनी धरली होती, दुसरी मी. भंगारवाल्याच्या हातगाडीपर्यंत. त्यामुळे या थापेत मीही पार्टनर होते, असं म्हणायला हरकत नाही.

आजी आता ८६ वर्षांची आहे. मागच्या पावसाळ्यात ती बाथरूममध्ये पडली आणि त्यानंतर तिला सकाळी काय जेवलो ते आठवेना. जुनं मात्र लख्ख. रोज संध्याकाळी बाबा ऑफिसमधून आले, की ती विचारायची, ‘कल्याणहून बंब आणलास का रे?’ बाबा शूज काढता काढता म्हणायचे, ‘आणतो, आई.’ रोज! घरून काम करणाऱ्या माझ्यासारख्या फ्रीलान्सरला हा डायलॉग चुकवायची सोय नसते. शेवटी एका रात्री बाबा मला गॅलरीत नेऊन म्हणाले, ‘तसाच एखादा मिळतो का बघ ना. तिला काय कळणारेय?’

मी मास कॉम केलंय. रिसर्च म्हटलं की अंगात येतं.

पहिली फेरी घोडबंदर रोडवरच्या एका चकाचक दुकानात. तिथे बंब होता, पण त्याच्या नळीत बल्ब लावून फ्लोअर लॅम्प केलेला. वायर न्यायला तळाला भोक. किंमत ऐकून मी फक्त ‘नाइस’ म्हटलं. मग जांभळी नाक्याच्या मागे एका दुकानात लालबुंद चकचकीत बंब दिसला. मालक म्हणाले, ‘प्युअर कॉपर, मॅडम.’ मी चुंबक काढलं. टक्! चिकटलं की. लोखंडाला तांब्याचा मुलामा. दोघंही एकमेकांकडे न बघता मी बाहेर पडले.

पण चुंबक हा अर्धाच मास्तर आहे, हे मला कल्याणला कळलं. पारनाक्याच्या बाजूला एका बोळात जुन्या भांड्यांचं दुकान आहे, सगळी भांडी छतापर्यंत एकात एक. तिथल्या काकांनी माझं चुंबक हातात घेतलं, एका पिंपाला लावलं, ते घसरून पडलं. ‘झालं तांबं?’ त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. त्यांनी पिंप उलटं करून तळाला किल्लीने ओरखडा काढला. आत पिवळं. पितळ! चुंबक पितळेलाही चिकटत नाही. खालच्या बाजूला, कोणाला दिसणार नाही तिथे खरवडायचं, लालसर गुलाबी निघालं तर तांबं.

मग त्यांनी माझा तासभर क्लासच घेतला. हाताने घडवलेल्या बंबावर हातोडीच्या ठोक्यांचे गोल गोल ठसे असतात. त्याला मठारकाम म्हणतात, आणि पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत ते पेशव्यांच्या काळापासून चालत आलंय. ठोकून ठोकून पत्रा कडक होतो. म्हणजे हे नुसतं डिझाइन नाही. यंत्रावर वळवलेला बंब गुळगुळीत असतो, तोही चालतो. पण अँटिक म्हणून कोणी जास्त पैसे लावत असेल, तर ठसे बघून घ्यावेत.

खरी तपासणी नळीची. आग तिलाच खाते. काकांनी मोबाइलचा टॉर्च नळीत सोडला, वर फडकं टाकलं आणि मला पाणी भरायच्या तोंडातून आत बघायला लावलं. अंधारात दोन चांदण्या चमकत होत्या. दोन भोकं! तो बंब बाद. दुसऱ्यात चांदण्या नव्हत्या. तरीही काकांनी तो पाण्याने काठोकाठ भरून अर्धा तास ठेवला. जुना डाग कुठे सुटला असेल तर कोरड्यात कळत नाही म्हणे. आम्ही चहा घेतला. तोटीखाली एक थेंब, बाकी खडखडीत. तोटी बदलता येते. जाळी जळून अर्धी झाली होती, तीही बदलता येते.

‘कल्हई करून देऊ का?’ काकांच्या मुलाने मध्येच विचारलं. वेगळे पैसे. काकांनीच त्याला गप्प केलं. कल्हई स्वयंपाकाच्या भांड्याला लागते, अंघोळीच्या पाण्याला कशाला?

बंब सव्वानऊ किलो भरला. साडेनऊ हजारांना सौदा ठरला. (दोन लेखांचं मानधन. त्यातलं एक अजून यायचंय.)

आणि मग मला नाव दिसलं. खांद्यावर, ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं. ‘चि. सौ. कां.’, पुढचं झिजलेलं, शेवटी ‘बाई हिस लग्नप्रीत्यर्थ’, आणि साल १९५ पर्यंत. शेवटचा आकडा एका डागाखाली गेलेला. मुलगा म्हणाला, ‘बफ मारून काढून टाकतो, पाच मिनिटांचं काम.’ मी बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, ‘काढ. आपल्या बंबावर नाव नव्हतं.’

काकांनी फडकं खाली ठेवलं होतं. काही बोलले नाहीत. मी म्हटलं, राहू दे.

आता कबुली. घरी आणल्यावर लक्षात आलं, की हा पेटवायचा कुठे? चौथा मजला, बाथरूमला वीतभर खिडकी. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त ओढीने धरतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस दार उघडायलाही उठत नाही. चाळीत बंब मोरीच्या बाहेर का असायचा, ते तेव्हा कळलं. त्यामुळे बाथरूम नाही, काचा लावलेली गॅलरीही नाही. सेक्रेटरीकाकांना पटवून गच्ची मिळवली, फक्त एका पहाटेपुरती. इस्त्रीवाल्या भैयाकडून लोणारी कोळसा घेतला. दगडी कोळसा घेऊ नका, वासानेच सोसायटी गोळा होईल. आणि आधी पाणी, मग आग! तांबं वितळायला १०८५ अंश लागतात, पण डागातलं कथील २३२ लाच पाणी होतं. आत पाणी असेल तोवर पत्रा फार तापत नाही. रिकामा पेटवलात, की डाग सुटलाच.

नरक चतुर्दशीची पहाट, साडेचार. चिंच लावून घासलेला बंब गच्चीवर गुलाबी दिसत होता. बाबांनी आजीला लिफ्टने वर आणून खुर्चीत बसवलं, अंगावर शाल. ‘आई, बघ, आणला कल्याणहून.’

आजीने हात पुढे केला. कोळसे अजून पेटायचे होते, पत्रा गार होता. तिची बोटं खांद्यावरून फिरत फिरत नावापाशी थांबली. ठिपके चाचपत ती वाचत गेली. मग तोटी बघितली.

‘हा आपला नाही.’

बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी कोळशांना वारा घालत राहिले, दुसरं काय करणार!

‘आई,’ बाबा म्हणाले, ‘मी विकला तो. चाळ पाडली तेव्हा.’

‘ते ठाऊक आहे मला. कितीला?’

‘दीड हजार.’

आजी थोडा वेळ हिशेब करत होती. ‘तेव्हासुद्धा स्वस्तातच दिलास,’ ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, ‘जोरात नको घालू वारा, राख उडते. आणि ही कोण गं बाई? नाव वाच बघू नीट, माझा चष्मा खाली राहिला.’

पहिली बादली तिची. लिफ्टमधून चौथ्या मजल्यापर्यंत नेताना अर्धी माझ्या पायांवर सांडली.