खळ, रंग आणि पडद्याआडचे जंतू

ताण्याच्या सुताला खळ चढवल्याशिवाय ते मागावर टिकत नाही, घासून तुटतं. भिवंडीत हे काम सायझिंगवाले करतात. पूर्वी खळ म्हणजे मक्याचा स्टार्च किंवा चिंचोक्याची पूड. पॉलिएस्टर मिसळलेलं सूत आलं, तशी खळीत पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची, म्हणजे पीव्हीएची, भर पडली. कापड विणून झालं की प्रोसेस हाऊसमध्ये ही खळ गरम पाण्याने धुऊन काढतात आणि मग रंगाई होते. स्टार्च जंतू सहज फस्त करतात. पीव्हीए आणि रंग मात्र त्यांना सहजी पचत नाहीत, आणि पाणी अर्धवट शुद्ध झालं तर त्याचा भार कामवारी नदीवर पडतो.

भिवंडीला कौतुकाने मँचेस्टर म्हणतात. जंतूंकडून सांडपाणी साफ करून घेण्याची रूढ पद्धतही मँचेस्टरचीच. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी १९१४ मध्ये तिथे दाखवून दिलं, की सांडपाण्यात हवा सोडल्यावर तळाला बसणारा गाळ फेकून न देता पुढच्या पाण्यासाठी राखून ठेवला, तर आठवड्यांचं काम तासांत होतं. त्यांना या वाटेवर आणणारे गिल्बर्ट फाउलर दोनच वर्षांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले.

या पद्धतीची सगळी मदार गाळ खाली बसण्यावर आहे. रंगाईच्या कारखान्यात पाणी रोज बदलतं: आज काळा, उद्या लाल, मध्येच मिठाचा लोट. गाळ बिथरतो, तरंगत बाहेर जातो, आणि इतके दिवस पोसलेले जंतूही त्याच्याबरोबर जातात. १९८९ मध्ये जपानमध्ये काझुओ यामामोटो आणि सहकाऱ्यांनी पोकळ तंतूंचा पडदा थेट हवेच्या टाकीतच बुडवला आणि स्वच्छ पाणी त्यातून ओढून घेतलं. पडद्याची छिद्रं जंतूंपेक्षा बारीक असल्याने जंतू टाकीतच राहतात. साध्या टाकीत लिटरमागे तीन-चार ग्रॅम गाळ असतो. इथे आठ ते बारा ग्रॅम सांभाळता येतो.

माझ्या मते दाटीपेक्षा मोठा फायदा आहे तो गाळाच्या वयाचा, म्हणजे जंतू टाकीत किती दिवस राहतात त्याचा. पीव्हीए खाणारे जंतू सावकाश वाढतात. १९८०च्या दशकात जपानी संशोधकांना अशी एक जोडी सापडली, की एक जंतू पीव्हीए तोडतो, पण त्यासाठी लागणारा सहघटक दुसरा पुरवतो. एकेकट्याने जमत नाही. अशा जोड्यांना टाकीत टिकून राहायला वेळ लागतो, आणि तो वेळ पडदा मिळवून देतो.

रंगाची गोष्ट वेगळी आहे. बहुतेक ॲझो रंगांचा बंध प्राणवायू नसलेल्या टाकीत तुटतो आणि पाणी फिकं होतं. इथेच थांबणं घातक आहे, कारण तुटलेल्या तुकड्यांतले काही ॲरोमॅटिक अमाइन मूळ रंगापेक्षाही विषारी असतात. त्यांना पुढे हवेच्या टाकीत, पडद्याआड, पचवावं लागतं. नुसता रंग गेला म्हणून पाणी सोडून देऊ नये.

मिठाला मात्र हा पडदा अडवत नाही. सुती कापडाच्या रिॲक्टिव्ह रंगाईत लिटरमागे पन्नासेक ग्रॅमही मीठ पडतं. ते काढायला पुढे आरओ आणि उरलेल्या खारट पाण्यासाठी बाष्पीभवन लागतं. तिरुपूरच्या रंगाई कारखान्यांना जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बंदीचा आदेश दिला, त्यानंतर तिथे हा सगळा खर्चिक रस्ता धरावा लागला. त्यात पडद्याची जागा आरओच्या आधी आहे. नीट गाळलेलं पाणी आलं नाही, तर आरओ लवकर चोंदतो.

भिवंडीची खरी अडचण धंद्याच्या रचनेत आहे. एकाच मालकाच्या मोठ्या गिरणीत धुतलेलं पीव्हीए अतिसूक्ष्म गाळणीने परत मिळवून पुन्हा सुताला लावता येतं. इथे सायझिंग एकाचं, माग दुसऱ्याचे, धुलाई-रंगाई तिसऱ्याची. ज्याने खळ विकत घेतली त्याला ती परत मिळत नाही, आणि ज्याच्या हौदात ती उतरते त्याला तिचा उपयोग नाही. म्हणून प्रोसेस हाऊसने निदान खळ धुतलेलं पहिलं पाणी, रंगाचं पाणी आणि नंतरच्या धुण्याचं पाणी तीन वेगळ्या हौदांत घ्यावं. वेगळी गटारं काढायला पडद्याच्या मानाने फार कमी पैसे लागतात. पडद्याआधी कापसाची तुसं अडवणारी बारीक जाळीही हवी, कारण तुसं पडद्याच्या तंतूंना गुंडाळली गेली की हवेच्या बुडबुड्यांनी सुटत नाहीत. टाकी बंद ठेवून हातानेच काढावी लागतात.