कौन्सिलच्या अहवालांनी बदललेलं मत

इंग्लंडची तब्येत सुधारली ती ५ जुलै १९४८ पासून, असं मी वर्षानुवर्षं ठासून सांगत आलो. त्या दिवशी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, डॉक्टर आणि इस्पितळ मोफत झालं, पेनिसिलिन गरिबाच्याही आवाक्यात आलं. स्थानिक कौन्सिलचा आरोग्य अधिकारी मला जन्ममृत्यूचे आकडे मांडणारा कारकून वाटायचा. आज मी तसं म्हणणार नाही.

मत बदललं ते त्या अधिकाऱ्यांचे १९५० च्या दशकातले वार्षिक अहवाल वाचताना. आपल्या कौन्सिलला दरवर्षी असा अहवाल देणं त्यांना बंधनकारक होतं. ग्रामीण भागातल्या अहवालांत साथींच्या आकड्यांशेजारीच कुठल्या वाडीला अजून नळ नाही, कुठल्या विहिरीचा नमुना दूषित निघाला, बादलीचे संडास किती उरलेत, खाटिकखान्यात किती मांस टाकून द्यावं लागलं, कुठली घरं ओलीने राहण्याजोगी उरली नाहीत, हे सगळं येतं. १९५१ च्या जनगणनेत एक तृतीयांशाहून अधिक कुटुंबांच्या घरी आंघोळीचा टब बसवलेला नव्हता. खेड्यांतल्या पाण्यासाठी आणि मैलावाहिन्यांसाठी १९४४ च्या कायद्याने दीड कोटी पौंडांची तरतूद केली, तरी नळ पोचायला पुढची कित्येक वर्षं गेली. डॉक्टर मोफत झाला होता, पण परसातली बादली भरतच होती. ती हलवायचं काम कौन्सिलचं होतं.

घटसर्पाच्या आकड्यांनी तर माझा जुना समज पार मोडला. १९४० साली ४६ हजारांवर रुग्ण आणि २,४८० मृत्यू; १९५७ साली ३७ रुग्ण आणि ६ मृत्यू. मुलांना लस टोचण्याची देशव्यापी मोहीम १९४० च्या अखेरीस सुरू झाली, राष्ट्रीय सेवेच्या कितीतरी आधी. ती राबवली स्थानिक कौन्सिलांनी, आपल्या दवाखान्यांतून आणि शाळांतून. आयांची समजूत घालणाऱ्या त्या परिचारिकांबद्दल मला आता मनापासून आदर वाटतो.

पाण्यावर नजर ठेवण्याचं काम सुटलं की काय होतं, ते क्रॉयडन शहराने १९३७ साली पाहिलं. ॲडिंग्टनच्या विहिरीत दुरुस्ती चालू होती, आणि त्याच विहिरीचं पाणी गाळल्याशिवाय, क्लोरीन न घालता घरोघर जात होतं. विहिरीत उतरलेल्या कामगारांपैकी एकाच्या शरीरात विषमज्वराचे जंतू होते. ३४१ जण आजारी पडले, ४३ दगावले. अभियंता आणि आरोग्य अधिकारी यांच्यात वेळेवर बोलणंच झालं नव्हतं, हे चौकशीत उघड झालं. औषधाची वाट पाहण्याआधी कुणीतरी एक प्रश्न विचारला असता, तर ही माणसं वाचली असती. तो प्रश्न विचारणं हेच आरोग्य अधिकाऱ्याचं खरं काम, असं मला आता वाटतं.

आणि तो विचारायचं बळ कायद्याने त्याला दिलं होतं. मंत्र्याच्या संमतीशिवाय कौन्सिलला त्याला काढून टाकता येत नसे. म्हणून पगार देणाऱ्या सभासदांनाच तो लिहू शकायचा की तुमच्या हद्दीतली ही घरं माणसांनी राहण्यालायक नाहीत. आपल्या नगरपालिकांतलं आरोग्य अधिकाऱ्याचं पद याच ब्रिटिश घडणीतून आलेलं आहे. त्याच्यामागे असं संरक्षण हवंच.

कामात दोष नव्हते असं नाही. अयोग्य ठरवलेल्या घरांबरोबर जुने शेजारही पाडले गेले, आणि ते दुःख अहवालात कुठे उतरत नाही. पण पाणी, दूध, मांस, घर आणि मैला एकाच माणसाच्या नजरेखाली असावेत, ही मांडणी बरोबर होती. १ एप्रिल १९७४ रोजी झालेल्या फेररचनेत इंग्लंडने हे पद रद्द केलं. ते रद्द करायला नको होतं.