मंचावरचा फिफ्टी-एट

गोल जाळीचं डोकं, निमुळतं राखाडी अंग, वजन जेमतेम ३०० ग्रॅम. शूर कंपनीचा एसएम ५८ माइक. साउंडवाले त्याला नुसतं ‘फिफ्टी-एट’ म्हणतात. १९६६ साली अमेरिकेत तो घडवला गेला स्टुडिओसाठी, पण नाव काढलं मंचावर. गणेशोत्सवाच्या मांडवात, ऑर्केस्ट्रात आजही तो हमखास भेटतो. तो नसला तर त्याची नक्कल तरी असतेच.

गडी काटक. याला ना बॅटरी लागते, ना मिक्सरकडून येणारी फँटम पॉवर. आवाजाने आतला पातळ पडदा थरथरतो, त्याला जोडलेली कॉइल चुंबकाजवळ हलते आणि वीज उमटते. ती इतकी क्षीण असते की मिक्सरवर आधी गेन, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाची पातळी, वाढवावा लागतो. गेन कमी ठेवला तर पुढे आवाज वाढवताना खरखरही वाढते. जास्त ठेवला तर लहरींचे शेंडे छाटले जातात. हेच क्लिपिंग. एकदा छाटलेला आवाज फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारी सरकती कळ, खाली ओढून सुधारत नाही, हे कितीदा सांगितलं तरी कमीच.

निरोगी तरुण कान २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो. हा माइक ५० ते १५,००० मध्ये समाधानी असतो, आणि मानवी गळ्याला तेवढं पुरतं. उलट ४,००० हर्ट्झच्या आसपास तो आवाज किंचित उचलून धरतो, म्हणून गोंगाटातही शब्द कळतात. मला त्याचा हाच गुण सर्वांत मोलाचा वाटतो.

तो समोरच्याचं मन लावून ऐकतो, पाठीमागच्याकडे जवळजवळ लक्षच देत नाही. या स्वभावाला कार्डिऑइड म्हणतात. ओठ जवळ नेले की खर्ज भरून येतो, तो प्रॉक्सिमिटी इफेक्ट. मुरलेले निवेदक त्याचा सुरेख उपयोग करतात. मात्र स्टाईल म्हणून जाळीवर मूठ आवळली की पडद्यामागून आवाज आत येण्याची वाट बंद होते आणि हा चहूकडचं ऐकू लागतो. मग स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा पुन्हा स्पीकरमध्ये, आणि कानठळ्या बसवणारी कुई! हा फीडबॅक. सगळे वळून साउंडवाल्याकडे बघतात. हा अन्याय आहे.

तेव्हा माइक हाती आला की दांडा धरा, जाळी मोकळी सोडा, तोंड दोन-चार बोटांवर ठेवा. चालू आहे का ते बघायला टिचक्या मारू नका, फुंकू नका. सरळ बोला.