पैसा कुठला?

परक्याच्या पैशावर चालणारा पेपर म्हणजे विकला गेलेला पेपर, असं मी तीस वर्षं मानत आलो. जिल्ह्याच्या दैनिकात उपसंपादक होतो. परदेशी मदतीवर चालणाऱ्या पत्रकारितेचं कुणी कौतुक केलं की मी त्याला तिथंच गप्प करायचो.

रवांडाबद्दल वाचू लागलो आणि हे मत डळमळलं. तिथली आरटीएलएम ही रेडिओवाहिनी १९९३ साली सुरू झाली. फेलिसियन काबुगासारखा देशातलाच बडा व्यापारी तिच्यामागे होता. भाषा लोकांची, गाणी लोकांच्या आवडीची. आणि १९९४ मध्ये याच वाहिनीनं तुत्सी समाजाच्या लोकांना झुरळं म्हणत त्यांची नावं-ठिकाणं सांगितली, त्यांना मारायला लोकांना चिथवलं.

त्याच वर्षी सीमेपलीकडे, आजच्या काँगोतल्या बुकावूत, स्विस पत्रकारांनी निर्वासितांसाठी रेडिओ अगाताश्या सुरू केला. पैसा बाहेरचा. त्यातूनच पुढे इरोंदेल प्रतिष्ठान उभं राहिलं आणि २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सोबतीनं काँगोत रेडिओ ओकापी सुरू झाला. युद्धानं देशाचे तुकडे पडले होते. ओकापीची बातमी मात्र सरकारच्या किन्शासात आणि बंडखोरांच्या गोमात एकच असायची. फ्रेंचमध्ये, लिंगालात, स्वाहिलीत. या रेडिओचे सर्ज माहेशे आणि दिदास नामुजिंबो हे दोन पत्रकार २००७ आणि २००८ मध्ये बुकावूत गोळ्या घालून मारले गेले. त्यांना विकलेले कोणत्या तोंडानं म्हणू?

मदतीवर विसंबण्यातला धोका मला आजही दिसतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं एका आदेशानं परदेशी मदत गोठवली आणि युक्रेनमधल्या कितीतरी छोट्या वृत्तमाध्यमांचा आधार गेला. म्हणून मदत एकाच सरकारची नको, अनेकांची हवी, आणि देणाऱ्याचा हात संपादकाच्या टेबलापर्यंत पोचता कामा नये. पण पैसा कुठून आला एवढ्यावरून आता मी कुणाला जोखत नाही.

कारण आमच्याकडे एकदा साखर कारखान्याच्या मळीनं नदीतले मासे मेले होते. खालच्या गावांची नळयोजना त्याच नदीवर. बातमी पानात लागली होती, पांढऱ्या पोटांच्या माशांचा फोटो होता. पान सुटायला अर्धा तास असताना वरून निरोप आला. मी फोटो काढला आणि त्या जागी कारखान्याच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाची जाहिरात बसवली, माझ्या हातानं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गावांत नेहमीसारखं पाणी भरलं गेलं असणार.