घटप्रभेचे पाणी आणि पाठीचे दुखणे

निपाणीहून बेळगावास जाताना संकेश्वर मागे पडले की पुढे डावीकडे हिडकल धरणाची वाट फुटते. पुढे गोकाकच्या कड्यावरून सुमारे 52 मीटर कोसळणारी घटप्रभा येथे शांत पसरलेली दिसते. गळ टाकून बसावे असेच हे पाणी. परंतु पाठदुखीमुळे हा नाद सोडलेले गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. त्यांनी बसावे कशात?

आमच्या सीमाभागात पूर आला की गुऱ्हाळातील काहील नदीवर तरते. तिच्यातून पैलतीर गाठता येतो, दिवस काढता येत नाही. ध्रुवप्रदेशातील इन्युइट लोकांची कयाक आता मासेमारीसाठीही मिळते. पण साध्या कयाकीत पाय लांबवून तळाशीच बसावे लागते. त्यामुळे मांडीमागचे स्नायू ताणले जातात, कंबर मागे कलते आणि कण्यावर भार येतो.

म्हणून रंगरूपाआधी बैठक पाहावी. ती चौकटीवर उचललेली, कमरेला टेकू देणारी असावी. पायांचे आधार गुडघे किंचित दुमडतील असे सरकवता यावेत. उंच बैठकीने तोल ढळतो, म्हणून होडी रुंद हवी. रुंद होडी जड असते. ती एकट्याने न उचलता चाकांच्या गाड्यावरून न्यावी. घेण्यापूर्वी तीत तासभर बसून पाहावे. पाच मिनिटांत पाठ खरे सांगत नाही.

कळ पायात उतरत असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. धरणावर परवानगी विचारावी, अंगात तरंगजाकीट घालावे, आणि मगच घटप्रभेच्या पाण्यात उतरावे.